लूपची मागची बाजू

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. देवाचं नाव घेऊन सांगते.

आणि रात्र नव्हती हो. लख्ख ऊन होतं. मंगळवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. आमचंच घर.

बाबा जुने तारमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी कडकट्ट करत लोकांचे निरोप पाठवले. आम्हा भावंडांना बाराखडीच्या आधी ती तारेची भाषा आली.

त्या मंगळवारच्या आठ महिने आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. उजव्या हाताची बोटं तेवढी थोडी हलायची.

त्यांनी एकदा तरी काहीतरी बोलावं. एक शब्द. देवापाशी मी दुसरं काही मागतच नव्हते.

म्हणून दादाने त्यांच्या हाताशी जुनी तारेची कळ ठेवली होती. सेल जोडलेला, वर छोटा बझर. दाबली की वाजायची. बाबांनी ती एकदाही दाबली नव्हती.

दादा हौशी रेडिओवाला. घरातल्या बोळाच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला त्याची खोली, आणि खोलीच्या मधोमध त्याचा लूप. म्हणजे माणसाच्या छातीइतकी उंच लाकडी फुली आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे अठरा वेढे. अगदी खालच्या लहरींवरचे, दूरदूरचे बारीक आवाज पकडायला.

आई त्यावर फडकी वाळत घालायची.

"आई, अँटेना आहे ती!"

"मग? फडक्यांनी काय तिला सर्दी होते? चार महिने झाले, निदान फडकी तरी धरतेय."

त्या लहरींची एक खोड असते. घरातले दिवे, पंखे, चार्जर, सगळ्यांची घरघर त्यात शिरते. त्यामुळे वीज गेली की सगळे कपाळाला हात लावायचे आणि दादा उड्या मारत रेडिओकडे पळायचा. रेडिओ बॅटरीवर.

त्या दुपारी अख्ख्या भागाची वीज गेली.

पंखा थांबला. फ्रीज थांबला. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाजही थांबला.

आणि दादाची हाक आली...

"चिमणे! पळत ये!"

रेडिओतून बारीक आवाज येत होता. कडकट्ट... कट्ट... सावकाश. हाताने वाजवलेला.

आधी दोन अक्षरं. प्रत्येक तारमास्तराची दोन अक्षरी खूण असते. ही बाबांची होती.

मग तारवाल्यांचा ठरलेला प्रश्न...

"तयार का?"

पुन्हा दोन अक्षरं. पुन्हा "तयार का?"

दादाने लूप हळूहळू फिरवला. लूप असा फिरवत नेला की एका जागी आवाज पार बुडतो. तेव्हा लूपची चपटी बाजू आवाजाच्या रोखाने असते.

आवाज बुडाला. आम्ही चपट्या बाजूच्या रोखाने पाहिलं.

सरळ बोळ. बोळाच्या टोकाला बाबांची खोली.

"अगं, बाबा..." दादाने बोळाकडे बोट केलं. "बाबा कळ दाबतायत! त्यांचा बझर रेडिओत शिरतोय!"

मी धावले.

आई त्यांच्या पायाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. आणि बाबांचं बोट... कळीवर होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"आत्ताच ठेवलंन् बघ," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"वाजली का गं?"

"नाही बाई. आवाज काहीच नाही."

सेल उतरला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

तिकडून दादा ओरडला, "परत विचारतायत! 'तयार आहे' म्हणून सांग! म्हणजे पुढचं बोलतील!"

बाबा माझ्याकडे बघत होते. डोळे विस्फारलेले. मला वाटलं, आनंदाने.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बोला बाबा, आम्ही ऐकतोय."

बोट जरा मागे सरकलं. मला वाटलं, अशक्तपणाने. मी ते धरून पुढे आणलं आणि कळ दाबली.

तयार आहे.

बझर खणखणीत वाजला.

सेल उतरलेला नव्हताच...

दादाच्या खोलीतून एकच अक्षर ऐकू आलं. तारेच्या भाषेत त्याचा अर्थ, "पोचलं."

बाबांची छाती खाली गेली. ती वर आलीच नाही.

आईने हंबरडा फोडला. दादा धावत आला, नाडी पाहिली, आणि एकाएकी उलट्या पावली परत गेला. मी मागोमाग गेले.

रेडिओ चालूच होता... कडकट्ट... कट्ट...

"हे कोण वाजवतंय मग?" दादा पुटपुटला.

त्याने लूपशेजारी एक उभी तार जोडली. पुन्हा लूप फिरवला.

"लूप नुसती रेघ सांगतो गं. बाजू सांगत नाही. समोरून की पाठीमागून, त्याला दोन्ही सारखंच. बाजू कळायला ही तार लागते. एका मिनिटाचं काम... आणि मी घाई केली."

आवाज बाबांच्या खोलीतून येत नव्हता. येतच नव्हता कधी.

तो आमच्या पाठीमागून येत होता. मागच्या खिडकीतून.

तो बाबांच्या नावाने बोलत नव्हता. त्या खुणेने त्यांना बोलावत होता.

आम्ही वळून पाहिलं. बाहेर नुसतं मोकळं रान. ना घर, ना खांब, ना तार. झाडाचं पान हलत नव्हतं.

आता तिथे दोन हात वाजवत होते. एक तोच, सावकाश. आणि दुसरा, लहानपणापासून ओळखीचा...

दादाने मला बोलू दिलं नाही. तेवढ्यात वीज आली, पंखा फिरला, घरघरीत सगळं बुडून गेलं.

याला वर्ष होईल. दादाने तारेचे वेढे सोडून टाकले. त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही.

आई मात्र भेटेल त्याला सांगते. "भाग्यवान हो. स्वतःच्या हाताने 'तयार आहे' सांगून गेले. देवाने एवढं तरी ऐकलं." सांगताना तिचा चेहरा उजळतो. मग ती माझ्याकडे वळते. "हो ना गं? तू होतीस ना जवळ?"

मी म्हणते, "हो आई."

बाबा बोट मागे ओढत होते, हे मी तिला कसं सांगू?