पुढच्या कटातून फिरून या

वर्षाची आणि माझी पहिली भेट एका गैरसमजातून झाली. गैरसमज माझा, चहा तिनं प्यायला.

यवतमाळ-कळंब रोड तेव्हा मोठा होत होता. एका बाजूनं गाड्या आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. मी आखणीच्या टोळीत होतो. साहेब दुर्बिणीतून बघून हात करायचे आणि मी तिथं चुन्याची रेघ ओढायचो. त्या दुपारी चहाची किटली माझ्या हातात होती. तेवढ्यात रोड ओलांडून एक मुलगी आली. हाताला ग्रीस, ओढणी कमरेला बांधलेली.

"मले कट पाहिजे," ती म्हणाली.

आमच्याकडे अर्ध्या चहालाही कट म्हणतात. मी अर्धा कप भरून तिच्यापुढे धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि तिथंच उभी राहून चहा प्यायली.

"आता दुसरा द्या," कप परत देत ती म्हणाली. "डिव्हायडरातला."

टोळी हसली. मीही हसलो. तिचे फक्त डोळे हसत होते, ओठ नाही. हे तिचं कायमचं होतं.

समोरचं पंक्चरचं दुकान तिच्या वडिलांचं, पंजाबरावांचं. त्यांची कंबर गेल्यापासून ट्रकचे टायर तीच खोलायची. रोडच्या मधोमध डिव्हायडर आला की कळंबकडून येणाऱ्या गाड्या पलीकडूनच निघून जाणार होत्या. दुकानासमोर डिव्हायडरला मोकळी जागा, म्हणजे कट, मिळाला तर दुकान राहणार होतं. नाहीतर दुकान बंद करून बापलेक नागपूरला मामाकडे जाणार, असं ठरलं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं. रडगाणं नाही, नुसतं सांगितलं.

मग मी रोज चहा घेऊन रोड ओलांडू लागलो. बहाणा कधी पाण्याचा, कधी हवेचा. माझ्या सायकलच्या चाकांत इतकी हवा कधीच नव्हती.

तिनं एकदा नाव विचारलं. मी म्हटलं, बादल.

"अन् मी वर्षा," ती टायरवरची नजर न हलवता म्हणाली. "म्हणजे तुमी नुसते गडगडणार, काम मलेच करा लागते."

"मी पण काम करतो. दिवसभर चुना टाकतो."

"तेच म्हणते मी. लोकायले चुना लावता."

माझे हात पांढरे, तिचे काळे. तिनं चहाचा कप घेतला तेव्हा त्यावर दोघांचीही बोटं उमटली. तो कप मी त्या दिवशी विसळला नाही.

वर्षा मात्र नुसती टायर खोलत बसली नव्हती. दुपारी गाडी कमी असली की ती गावात फिरायची. कटासाठी तिनं घरोघरी सांगितलं, सरपंच विठ्ठलरावांना मागे लागून साहेबांकडे नेलं. बायांना घेऊन स्वतः गेली. शेवटी मोठे साहेब बघायला आले. अख्खं गाव रोडवर जमलं. साहेब म्हणाले, या गावाला एकच कट देता येईल. जागा तुम्ही दाखवा.

विठ्ठलराव वर्षाकडे वळले. "पोरी, धावपळ तुही. तूच दाखव."

मी चुन्याचं घमेलं घेऊन आधीच तिच्या दुकानासमोर उभा होतो. मूठ भरलेली होती. ती माझ्याकडे चालत आली... आणि माझ्या बाजूनं पुढं निघून गेली. थांबली नाही. यवतमाळच्या बाजूला थोडं पुढं शाळेचं फाटक आहे. तिथं जाऊन उभी राहिली आणि पायानं खूण केली.

"इथं टाका चुना."

मी तिथवर गेलो. हळू आवाजात विचारलं, "काहून? अन् दुकान?"

"ट्रक पुढं जाऊन फिरून येईन," ती म्हणाली. "पोरं कुठून फिरून येतीन?"

आयुष्यात पुष्कळ रेघा ओढल्या. तेवढी सरळ पुन्हा जमली नाही.

डिव्हायडर बांधून झाला, रोड काळा, गुळगुळीत, देखणा झाला. आमचा कॅम्प कळंबच्या पुढे हलला. वर्षानं एका जुन्या टायरवर पांढऱ्या रंगानं लिहिलं : 'पंक्चर. पुढच्या कटातून फिरून या.' कळंबकडून येणाऱ्यांना दिसेल असा तो टायर तिनं पलीकडच्या खांबाला लटकवला. गाड्या येतील की नाही, तिलाही माहीत नव्हतं. मामाचे फोन येत होते.

त्या रविवारी मी कळंबहून सायकलवर निघालो. दुकान समोर आलं, ती दिसली, पण मधे डिव्हायडर. पाय टाकून ओलांडता आला असता. मी पाटी वाचली, पुढं गेलो, शाळेपाशी वळलो आणि उलट येऊन दुकानापाशी उतरलो. ती बघतच होती.

"एवढ्या लांबून कायले?" तिनं विचारलं. "डिव्हायडरवरून पाय टाकून यायचं होतं."

"पाटीवर लिहिलं होतं, फिरून या. आलो." मी सायकल दुकानाला टेकवली. "आता... जाणार नाही म्हणतो. पंजाबरावांना विचारायचं का?"

तिनं हातातला पाना माझ्याकडे दिला. "पयले हे नट सोडा. मंग विचारा." या वेळी ओठही हसले.

गाड्या आल्या. पाटी वाचून, हसत, फिरून आल्या. पंजाबराव असेपर्यंत आम्ही तिघं आणि नंतर आम्ही दोघं त्याच दुकानात राहिलो. मी कळंबहून ट्यूब घेऊन यायचो तेव्हा ती पलीकडून हात करायची, आणि मी फिरून येईपर्यंत चहा ठेवायची. कटच. पूर्ण कप तिनं मला कधी दिला नाही. म्हणायची, अर्ध्यासाठी परत येशील.

वर्षा जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. काविळीचं निमित्त झालं.

दुकान मी चालवतो. कळंबहून येताना समोर शटर दिसतं, टायरवर तिचं अक्षर दिसतं. पलीकडून कोणी हात करत नाही. मी पुढं जातो. शाळा सुटायची वेळ असते. कटापाशी गाडी थांबवतो, पोरं रमतगमत ओलांडतात. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहतो.

वाजवू दे. हा कट माझ्या बायकोनं मागितला होता.