तीन नंबर चेंबरची बेल

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते, अमावस्या लागते, पडका बंगला लागतो. इथे त्यातलं काहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं, नाशिकला पखाल रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, यंदाच्या मे महिन्यात. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि खाली रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी ठेवला. कारण जिच्याबाबतीत हे घडलं ती अफिफा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, आणि ती खोटं बोलली की मला लगेच कळतं.

एकदाच कळलं नाही.

अफिफा प्रोग्रामर आहे. महेश नावाच्या आमच्या एका सीनियरची छोटीशी कंपनी आहे, तिथे ती घरूनच काम करते. पिंपळगाव बसवंतला हायवेलगत एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या चेंबरांच्या, म्हणजे माल ठेवायच्या थंडगार खोल्यांच्या, तापमानावर नजर ठेवणारा प्रोग्राम तिने पायथनमध्ये लिहिला होता. तो चालायचा तिकडच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. ही नाशिकला बसून इंटरनेटवरून त्या सर्व्हरमध्ये शिरायची आणि काळ्या स्क्रीनवर टाईप करकरून त्याची दुखणी निस्तरायची.

त्या प्रोग्रामकडे आणखी एक काम होतं. प्रत्येक चेंबरच्या आत दाराजवळ एक लाल बटन होतं. आत कोणी अडकलं तर दाबायचं. बटन दाबलं की प्रोग्रामला कळायचं, आणि प्रोग्राम ऑफिसबाहेरची मोठी बेल वाजवायचा. बटनापासून बेलपर्यंत सरळ वायर ओढायची सोडून मध्ये कॉम्प्युटर कशाला घातला, ते मला विचारू नका. मालकाला सगळं मोबाईलवर दिसायला हवं होतं.

आता एवढं एक समजून घ्या. प्रोग्राममधली चूक सापडत नसेल तर चालता प्रोग्राम एखाद्या ओळीवर उभा करता येतो. त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. तुम्ही 'जा' म्हणेपर्यंत तो तिथेच उभा राहतो आणि तुम्ही आत डोकावून बघता, कुठे काय बिनसलंय ते. चालू कामात असं करायचं नसतं. पण बिघाड आपल्या लॅपटॉपवर दिसत नाही, तिकडे सर्व्हरवरच दिसतो, तेव्हा करतात. सगळेच करतात.

प्रोग्राम उभा असेल तर बेल वाजणार नाही, हे अफिफाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनेच एक नियम घालून घेतला होता. आधी पुंजाकाकांना फोन.

पुंजाकाका म्हणजे तिथले चेंबर सांभाळणारे. साठी ओलांडलेला माणूस. अफिफाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, सगळी ओळख फोनवरची.

"काका, दोन मिनिटं थांबवतेय हं. आत कोणी जाऊ नका."

"थांबव बाई बिनधास्त. मी दाराशीच उभा हाय. कोणाला जाऊ देत नाय."

द्राक्षांच्या हंगामात एकदा त्यांनी नाशिकला येणाऱ्या टेम्पोत तिच्यासाठी पेटी घालून दिली होती. 'कंप्युटरवाल्या ताईला' असं सांगून.

ईद होऊन आठवडा झाला असेल. अफिफाच्या धाकट्या बहिणीला, जियाला, बघायला दुपारी पाहुणे येणार होते. घरात सकाळपासून गडबड. तेवढ्यात तापमानाचा आकडा मध्येच भलताच दाखवतोय म्हणून पिंपळगावहून तक्रार आली. अफिफा सर्व्हरमध्ये शिरली. ब्रेकपॉइंट लावला.

फोन केला नाही.

दोन मिनिटांचं तर काम, म्हाताऱ्या माणसाला कशाला उगाच दाराशी उभं करायचं, असं तिच्या मनात आलं. तिच्या चांगुलपणातूनच आलं, हे मी मान्य करते. पण केला नाही तो नाहीच.

प्रोग्राम उभा राहिला. आणि खोलीच्या दारात तिची अम्मी येऊन उभी राहिली.

"अफिफा, मेहमान आलेत. ते डबडं बंद कर आणि सरबत घेऊन ये."

अफिफाने लॅपटॉप मिटला.

लॅपटॉप मिटला म्हणून तिकडचा प्रोग्राम काही चालू होत नाही. तो बिचारा तिच्या 'जा'ची वाट बघत होता तिथेच राहिला. इकडे सरबत झालं, समोसे झाले, गप्पा रंगल्या. पाहुण्यांना जिया पसंत पडली. जैतुनबींच्या, म्हणजे अम्मीच्या, डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे जिन्यात चपला घालत होते तेव्हा अफिफाला एकदम आठवलं.

ती धावत आत गेली. लॅपटॉप उघडला. प्रोग्रामला 'जा' म्हणायला सी हे एकच अक्षर टाईप करायचं असतं. तिने ते केलं.

आणि स्क्रीनवर भराभर ओळी उमटायला लागल्या...

चेंबर ३ बटन.

चेंबर ३ बटन.

चेंबर ३ बटन.

बटन दाबल्याची खबर वाया जात नाही. प्रोग्राम थांबलेला असला तर ती रांगेत उभी राहते. ती सगळी रांग आता सुटली होती. पिंपळगावला बेल वाजायला लागली ती थांबेचना. माणसं धावली. तीन नंबरचं दार ओढून उघडलं.

पुंजाकाका बटनाखाली भिंतीला टेकून बसले होते.

डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार. थोडं आधी आणलं असतं तर वाचले असते.

महेशने तिला विचारलं, "आपल्या बाजूने काही नव्हतं ना गं?"

"नाही," अफिफा म्हणाली. तोपर्यंत तिने तो ब्रेकपॉइंट पुसून टाकला होता.

मलाही तिने तेच सांगितलं होतं. मी चहा करून दिला तिला.

मग बेल उशिरा का वाजली? कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं होतं. ते फुटलं ओवेसच्या. ओवेस तिथला वायरमन. बटनांची सगळी फिटिंग त्यानेच केलेली. वायर ढिली सोडली, म्हणून बेल वेळेवर वाजली नाही, असं ठरलं. त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. पुढे पुढे तर गावात साधा पंखा बसवायलाही त्याला कोणी बोलवेना. ह्याच्या वायरीने पुंजा गेला, म्हणायचे लोक. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात सुवर्णा नावाची बाई बसते, तिच्याकडून अफिफाला हे सगळं कळत होतं.

अफिफा तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. नमाजला बसली की रडायची. उठली की गप्प.

मे महिन्यात महेशचा फोन आला. "पिंपळगावचा प्रोग्राम रोज दुपारी अडकतोय. बघ जरा काय झालंय."

ती सर्व्हरमध्ये शिरली. प्रोग्राम उभा होता.

त्याच ओळीवर.

तिथे ब्रेकपॉइंट नव्हता. तिने स्वतः पुसला होता. सगळा कोड तिने वरपासून खालपर्यंत पाहिला. काही नाही. कुठेही काही नाही. तिने सी टाईप केलं. प्रोग्राम चालू झाला, आणि दोन श्वास घेऊन पुन्हा उभा राहिला.

त्याच ओळीवर.

दूरच्या सर्व्हरवर एकाच स्क्रीनला दोघांना बसता येतं. एकाने टाईप केलेलं दुसऱ्याला दिसतं. महेश बसला असेल आणि तोच काहीतरी करत असेल, असं तिला वाटलं. तिने सर्व्हरला विचारलं, आत कोण कोण आहे?

उत्तर आलं... दोघं.

एकापुढे तिच्या घराच्या इंटरनेटचा पत्ता होता. दुसऱ्यापुढची जागा रिकामी होती.

तिने महेशला फोन लावला. "तू सर्व्हरवर आहेस का?"

"अगं मी गाडीत आहे, द्वारका सर्कलला अडकलोय. का गं?"

"काही नाही."

तिने फोन ठेवला. मग प्रोग्रामला विचारलं, तू कशासाठी थांबलायस? कुठलं बटन दाबलंय?

चेंबर ३.

तीन नंबरला त्या दिवसापासून कुलूप होतं. तिने सुवर्णाला फोन लावला.

"सुवर्णाताई, तीन नंबरमध्ये कोणी गेलंय का?"

"छे हो. तिकडं कोण जातंय आता. थांबा, किल्ली घेते न् बघून येते. चालू ठिवा फोन."

फोनमध्ये खुर्ची सरकली. चपलांचा आवाज गेला. बराच वेळ काही नाही...

मग दार उघडल्याचा आवाज आला. चेंबरच्या जाड दाराचं रबर सुटताना येतो तसा. आणि मागोमाग पंख्यांची घरघर. चेंबरमधल्या मोठ्या पंख्यांची.

"सुवर्णाताई? दिसलं का काही?"



कोणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. दम लागलेल्या माणसासारखा.

आणि मग... बेल वाजली.

अफिफाने स्क्रीनकडे पाहिलं. प्रोग्राम उभा होता. प्रोग्राम उभा असताना ती बेल वाजूच शकत नव्हती. पण वाजत होती. थांबायची, पुन्हा वाजायची. कोणीतरी बोट उचलून परत परत बटन दाबावं, तशी.

अफिफाने कान झाकले नाहीत. फोन ठेवला नाही. ती म्हणते, ठेवावासा वाटलाच नाही. एवढे दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"ओवेसच्या वायरीत काही नव्हतं," ती रडत रडत म्हणाली. "प्रोग्राम मी थांबवला होता. फोन करायचा होता, केला नाही. पाहुण्यांत बसले आणि विसरले. काका बटन दाबत होते आणि मी समोसे वाढत होते. ऐकताय ना सुवर्णाताई? माझ्यामुळे झालं ते."

बेल थांबली.

पंख्यांची घरघर थांबली.

मग अगदी फोनजवळून कोणीतरी हलकेच म्हणालं, "ओवेसला सांग."

तो आवाज बाईचा होता की बाप्याचा, हे तिला आजही सांगता येत नाही. फोन कट झाला. आणि तिच्या डोळ्यांसमोर, तिने कीबोर्डला हातही लावलेला नसताना, स्क्रीनवर एक अक्षर उमटलं...

सी.

प्रोग्राम चालू झाला. तिने पुन्हा विचारलं, आत कोण कोण आहे? एकच जण. ती स्वतः.

तिला रडू आवरेना, पण हलकंही वाटत होतं. बोलून टाकलं एकदाचं. आता सुवर्णा मालकाला सांगेल, मालक महेशला सांगेल. नोकरी जाईल, जाऊ दे. आता होईल ते होईल.

तेवढ्यात फोन वाजला. सुवर्णाच होती, धापा टाकत.

"ताई, रागावू नका बरं. फोन टेबलावरच ऱ्हायला माझा, तशीच गेले. ऑफिसला कडी घालून गेले होते, आत्ता येऊन बघते तं फोन कट झालेला. तीन नंबर बघून आले. आत कुणी नाय. पंखे बंदच हायेत तेव्हापासून, लाईनच काढलीय. न् बटन तं भिंतीवरून कधीच काढून नेलंय, नुसतं भोक हाय तिथं."

अफिफाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई? अजून काय बोलायचं होतं का?"

पुन्हा सांगायचं होतं. तेच, तसंच, आता जिवंत माणसाला. सुवर्णा पलीकडे थांबली होती.

"नाही," अफिफा म्हणाली. "काही नाही."

हे सगळं तिने मला मागच्या महिन्यात सांगितलं. मी पहिला प्रश्न भुताचा विचारला नाही.

"मग ओवेसला सांगितलंस का?"

ती उठली आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला लागली. ते ओलेच होते.

प्रोग्राम अजूनही रोज दुपारी उभा राहतो. महेशने नवा सर्व्हर घेतला, कोड नव्याने चढवला, तरी तिथेच. कारण कोणालाच सापडत नाही. अफिफा रोज लॅपटॉप उघडते, सी दाबते, मिटते. दुपारचं जेवण तिला जात नाही. जियाच्या लग्नाची खरेदी चालू आहे, पण दार आपोआप बंद होणारं दुकान असलं की ही बाहेर उन्हात उभी राहते.

ओवेसचा नंबर तिच्या फोनमध्ये आहे. एकदा मीच तो काढून फोन तिच्या हातात दिला. तिने बघितला, आणि "उद्या करते" म्हणून पालथा ठेवला. मला तिचा राग येतो. मग तिचा चेहरा बघून वाईट वाटतं. मग दुपार होते, आणि पुन्हा राग येतो.

मी हे इथे लिहितेय ते तिला माहीत नाही. मी लिहिल्याने तो प्रोग्राम उभा राहायचा थांबेल, असंही मला वाटत नाही. जे ऐकायचं आहे ते बहुधा तिच्याच तोंडून ऐकायचं असेल. आणि तो थांबला नाही, तर ती एकटी कुठवर सी दाबत बसणार, याची मला आता भीती वाटते.

गोष्टीतली सगळी नावं मी बदलली आहेत. अफिफाचं, महेशचं, पुंजाकाकांचंसुद्धा. एकच नाव मुद्दाम तसंच ठेवलंय.

ओवेसभाई, तुमची वायर चांगली होती.