गटाबाहेरची भेट

मारतहळ्ळीच्या बस स्टॉपवर तो माझ्याशेजारीच उभा होता... आणि ओळख द्यावी लागू नये म्हणून खांबावरची जाहिरात वाचत होता.

"तीन गुरुवार समोरासमोर बसतोय आपण," मी म्हटलं. "एवढं काय लिहिलंय तिथं?"

"पीजी... फक्त मुलींसाठी," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

हा त्रिविक्रम. चार पिढ्यांचा बेंगळूरचा. मी वेदिका, नोकरीसाठी बेळगावहून आलेली. इंदिरानगरच्या थेरपीच्या गटात आम्ही आठ जण होतो, सगळ्यांना व्यक्तिमत्त्व विकार. माणूस सोडून जाईल या भीतीनं मी त्याला इतकं घट्ट धरायचे, की तो खरंच जायचा. मग मी स्वतःला इजा करून घ्यायचे. त्रिविक्रमचं उलटं. लोक नाकारतील म्हणून तो कुणाजवळ जायचाच नाही. गटातही गप्प.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही बरोबर जाऊ लागलो. एक छत्री, आणि सारखी भुरभुर.

"स्वल्प इकडे सरा, भिजताय."

"तुम्हीच सरा ना!"

तो सरला... बोटभर.

गटाचा नियम होता : बाहेर भेटलात तर आत सांगायचं. जीव जडला तर एकानं गट सोडायचा, आणि दुसऱ्याचे उपचार संपेपर्यंत भेटायचं नाही. आम्ही चार महिने लपवलं. त्या चार महिन्यांत मी स्वतःला एकदाही इजा केली नव्हती. पण एका रविवारी त्यानं फोन उचलला नाही, आणि मी एकतीस वेळा लावला.

त्या गुरुवारी तो पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"मला... सांगायचंय. आम्ही बाहेर भेटतो. मला वेदिका आवडते. फार."

"अय्यो, हे काय सांगतोस!" गटातले जयतीर्थ काका हसले. "एकाचा डावा खांदा ओला, दुसऱ्याचा उजवा. आम्ही काय आंधळे?"

गट चालवणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडम हसल्या नाहीत. "गटात कोण राहणार?"

"ती," त्रिविक्रम म्हणाला. "तिला इथं बरं वाटतंय. मी यशवंतपूरच्या गटात जाईन."

माझे उपचार संपायला आठ महिने होते. त्याची बाही धरावी, रडावं, धमकी द्यावी... हे सगळं मला येत होतं.

"वेदिका, आठ महिन्यांनी मी..."

"वचन नको देऊस," मी म्हटलं. "मी तेच धरून बसेन."

"मग?"

"जा तू."

तो उठला. जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली, मग ऐकू येईनाशी झाली. सत्राचा अजून पाऊण तास उरला होता.

"मला खूप भीती वाटतेय," मी सगळ्यांना म्हटलं... आणि खुर्चीतून उठले नाही.