उसवलेला खिसा

ऑपरेशन झाल्यावर माणसं पाणी मागतात, कण्हतात, देवाला वेठीला धरतात. हिची तऱ्हाच निराळी! दुसऱ्या दिवशी धाकटा डॉक्टर पोटावरची पट्टी बदलायला आला, तशी ही मान उचलून टाके बघायला लागली.

"हे कुणी घातले?"

"मी. का, दुखतंय?"

"दुखतंय तर! पण ते राहू दे... प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ कशाला? आम्ही एकच दोरा शेवटपर्यंत नेतो."

बाईचं शिवणकामाचं दुकान आहे, हे त्यानं कागदांत वाचलं होतं. पण ती आपलीच परीक्षा घेईल असं त्याला वाटलं नसावं.

"एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, म्हणून," तो म्हणाला. "आणखी काही चुका?"

"बेंबीपाशी रेघ वाकलीय."

"तिथं वळसा घालूनच जावं लागतं. बाकी पास ना?"

"काठावर. आणि तुमच्या कोटाचा खिसा उसवलाय. नुसता धाग्यावर लोंबतोय."

तो हसला. हसला की त्याचे कान लाल व्हायचे. हे तिनं तेव्हाच टिपून ठेवलं.

झालं होतं असं, की लहानपणी तिचं अपेंडिक्स काढलेलं. त्या जुन्या जखमेचा एक चिवट पट्टा पोटात राहून गेला होता आणि इतक्या वर्षांनी त्यात आतडं अडकलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ते सोडवलं, आणि पोट शिवायचं काम धाकट्यावर सोपवलं. आता नाकात नळी, हाताला सलाईन आणि पाण्याचा थेंबही वर्ज्य.

"कधीपर्यंत?" तिनं विचारलं.

त्यानं स्टेथोस्कोप तिच्या पोटावर ठेवला आणि नळ्या तिच्याच कानांत घातल्या. "काय ऐकू येतं?"

"काहीच नाही."

"आतड्यांना हात लागला की ती रुसतात. दोन-तीन दिवस गप्प बसतात. रुसवा गेला की आधी गुडगुडतील, मग गॅस पास होईल. तो झाला की मला सांगायचं."

सांगायचं? याला? तिच्या पोटात नसलं तरी छातीत काहीतरी गुडगुडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सोबतीला राहिलेल्या आत्याकडून वेणी घालून घेतली. आत्याला अंघोळीला पिटाळलं. तो आला, मागे दोन नर्स. "काय, गॅस पास झाला?"

दोन नर्स बघतायत, हा बघतोय... आणि ती म्हणाली, "हो."

का म्हणाली? नंतर वाटलं, लाज गेली खड्ड्यात; पण तेव्हा ती कुठं जायला तयार होती! त्यानं समाधानानं नळी काढली, घोट घोट पाणी सुरू केलं, मग चहा. दुपारी पोट तट्ट फुगलं. तिला उलटीवर उलटी झाली. नळी पुन्हा नाकात गेली, पोटाचा एक्स-रे काढला, आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर धाकट्याला झापलं.

मग तो तिच्या खाटेपाशी आला.

"खरं सांगा. सकाळी झाला होता?"

तिचे डोळे भरले. "नाही."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत म्हणून! नुसत्या नर्सनं विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं..."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. त्याचे कान लाल झाले, पण या वेळी तो हसला नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत आतडी हलली नाहीत, तर पोट पुन्हा उघडावं लागेल. मीच घातलेले टाके मीच कापायचे. मला ते नकोय. मला खोटं सांगू नका. बाकी काहीही सांगा."

तिला आतून भीती वाटली. आत्याचा हात धरून, सलाईनचा स्टँड ढकलत ती व्हरांड्यात चालत राहिली. "वारा सरला का गं, बयो?" आत्या दर दहा पावलांवर विचारायची, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पोट ऐकलं आणि नळ्या तिच्या कानांत दिल्या. खोल कुठंतरी... गुडगुड! ती बघतच राहिली. आपल्या आत असं कुणी राहतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

चारच्या सुमाराला तो व्हरांड्याच्या टोकाशी दिसला. मधे रोग्यांचे नातेवाईक, नर्स, झाडूवाली. ती स्टँडसकट तरातरा निघाली.

"डॉक्टर! झाला!"

"काय?"

"गॅस पास झाला! खरंच झाला!"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. झाडूवालीनं टाळी वाजवली. आणि तो... उडी मारायचाच काय तो बाकी होता.

बाराव्या दिवशी ती टाके काढायला आली. तो एकेक गाठ उचलून कापत होता, आणि ती मनात मोजत होती. शेवटचा निघाला.

"दुखतंय?"

"नाही."

त्यानं वर पाहिलं. "खरं?"

"दुखतंय. यापुढं असं विचारणारं कुणी नसेल, ते दुखतंय."

त्यानं हात धुतले, पुसले, तिच्या कागदांवर शेवटची सही केली आणि ते नर्सकडे दिले.

"आता मी तुमचा डॉक्टर नाही," तो म्हणाला आणि खुंटीवरचा कोट काढून तिच्यापुढे धरला. खिसा तसाच होता. धाग्यावर लोंबत.

"अगंबाई! दहा दिवस? सुईदोरा हातात असून?"

"तुम्ही बऱ्या व्हायची वाट बघत होतो. दुकान किती वाजता उघडतं?"

कान तर लालभडक. तिनं कोट घेतला, घडी घातली आणि छातीशी धरला.

"नऊला," ती म्हणाली. "पण एका दिवसात होणार नाही हं. रोज यावं लागेल."