सगळं वाचून आलेला

चष्मा तुटला म्हणून वेइलुन दुकानात आला, एवढं मात्र खरं होतं. पुढे सगळा उलगडा झाल्यावरही मिनलानने या एका गोष्टीवर कधी संशय घेतला नाही.

पाऊस होता. तैवानच्या चीलुंगमध्ये पाऊस असणं ही काही बातमी नव्हे. दोन दिवस ऊन पडलं तर मात्र माणसं एकमेकांना विचारतात, सगळं ठीक आहे ना? बंदराजवळच्या गल्लीतलं चष्म्यांचं दुकान दुपारी रिकामंच असायचं. दार ढकलून एक भिजलेला तरुण आत आला. चष्म्याचे दोन तुकडे दोन हातांत. त्याने अदबीने मान झुकवली, आणि फ्रेमच्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईला सांगायला सुरुवात केली, की बसमधून उतरताना कुणाच्या तरी छत्रीची काडी लागली...

"मी इकडे आहे," मिनलान काउंटरमागून म्हणाली.

"माफ करा. त्या जास्त हसऱ्या वाटल्या."

"त्यांना तेवढ्यासाठीच ठेवलंय. मला इतरही कामं असतात."

नवीन भिंगांसाठी दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. तिने पट्टी त्याच्या नाकावर धरली. पावसाचा एक थेंब त्याच्या भुवईवरून निघाला आणि पापणीवर येऊन थांबला.

"माझ्या डोळ्यांत बघा."

"काहीच दिसत नाहीये."

"बघायला सांगितलंय... दिसायला नाही."

तो हसला. पट्टी हलली, आणि तिला पुन्हा मोजावं लागलं. खरं तर पहिलंच माप बरोबर आलं होतं.

चार दिवसांनी तो चष्मा न्यायला आला. तेव्हापासून योगायोग सुरू झाले. तिला समोरच्या गल्लीतल्या नूडल्स खायला घेऊन गेला, तर तिने तोंड उघडायच्या आधी यानेच सांगितलं, कोथिंबीर नको. मिनलानला कोथिंबिरीचा वासही सहन होत नसे. तैपेईच्या बसमध्ये तो तिच्यासारखाच डावीकडची खिडकी धरून बसला, कारण तिकडून समुद्र जरा जास्त वेळ दिसतो. केव्हाच मोडलेल्या एका गायकमंडळाचं गाणं तो गुणगुणत होता, आणि ते गाणं ऐकणारी जगात आपण एकटीच उरलोय, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. देवळातल्या, लग्नं जुळवणाऱ्या म्हातारबाबा देवाला तिने दोन वर्षांपूर्वी नवस बोलला होता. म्हाताऱ्याने उशीर केला, पण माल चोख पाठवला, असं तिला वाटलं.

तिने त्याचं नाव शोधून पाहिलं नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. हल्ली कोण पाहत नाही? त्याच्या खात्यावर तीन फोटो होते. एक मांजर, एक जहाज आणि एक अर्धवट खाल्लेला आंबा. बंदरावरच्या कचेरीत मालाची कागदपत्रं करणारा साधा मुलगा, स्वतःचा बोभाटा न करणारा. तिला तेही आवडलं.

आईला मात्र तिने सगळं सांगितलं. आई पहाटेच्या मासळी बाजारात बसायची आणि दुपारी घरी आल्यावर बोलत बोलत मासे कापायच्या सुऱ्या घासायची.

"आई, देवाने मला घडवलं ना, त्यातल्या उरलेल्या मातीतून त्याला घडवलंय."

"उरलेली माती नीट निरखून घ्यावी," आई म्हणाली. "तिला भेगा असतात."

मिनलान हसली. आईचं बोलणं असंच खारट होतं. त्याच सुमारास तिच्या फोनला एक खोड लागली होती. ती पायात घालायच्या मोज्यांबद्दल कुणाशी बोलली की संध्याकाळी फोनवर मोजेच मोजे दिसायचे. तेव्हा ती चिडायची, मेला चोरून ऐकतो म्हणायची. फोनला आपल्या मनातलं कळलं की आपल्याला किळस येते. माणसाला कळलं की आपण त्याला प्रेम म्हणतो.

सात महिने असे गेले, आणि ते सुखाचे होते. त्यांना नंतरही ती दुसरं काही म्हणू शकली नाही.

मग एका रविवारी दुपारी आईने वेइलुनला जेवायला बोलावलं. मासा स्वतःच्या हाताने कुटून त्याच्या गोळ्यांचं सूप केलं. तो नवा सदरा घालून आला, आईला वाकून "मावशी" म्हणाला, आणि आईच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. पहिला चमचा तोंडात घालून त्याने डोळे मिटले.

"आता कळलं," तो म्हणाला. "मिनलानच्या वाढदिवसाला तिचे बाबा पहाटे उठून करायचे ते हेच ना? मावशी, तुम्ही त्यांच्याकडूनच शिकलात का?"

आईने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. मिनलान सहा वर्षांची असताना तिचा बाप दक्षिणेला निघून गेला होता, तो गेलाच. साधा फोनही कधी आला नव्हता.

"त्यांनी आयुष्यात मासा कधी साफ केला नाही, पोरा," आई शांतपणे म्हणाली. मग मिनलानकडे न बघता तिने विचारलं, "अजून वाढू?"

ही बापाची गोष्ट मिनलानने जिवंत माणसाला कधीच सांगितली नव्हती. ती फक्त एका ठिकाणी होती. एकोणिसाव्या वर्षी, वसतिगृहात असताना, तिने खोट्या नावाने एक खातं उघडलं होतं आणि दर आठवड्याला त्यावर "माझे बाबा" लिहायची. त्यातलं सगळं घडलेलं होतं. पहाटेचं सूप, स्कूटर शिकवताना मागे धावून गुडघा फोडून घेणं, परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर भिजत उभं राहणं... फक्त ते करणारी आई होती. मिनलानने आईच्या जागी बाप घातला होता. पहिल्यांदा गंमत म्हणून; मग शेकडो अनोळखी लोक पसंतीचे लाल बदाम पाठवू लागले म्हणून. मासे विकणाऱ्या आईवर लिहिलं होतं, तेव्हा चार बदाम आले होते.

जेवण कसंबसं संपलं. ती त्याला बसथांब्यावर सोडायला गेली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"किती मागे गेला होतास?"

तो काय समजायचं ते समजला. "...सुरुवातीपर्यंत."

"त्या खात्यावर माझं नाव नव्हतं."

"तुझ्या एका जुन्या फोटोखाली मैत्रिणीने तुला त्या नावाने हाक मारली आहे."

हे तो जरा अभिमानानेच म्हणाला, आणि मग ओशाळला. चष्मा न्यायला येण्याआधीच्या चार दिवसांत त्याने दुकानाच्या पानावरून तिला शोधलं होतं. मुलींशी काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे. परीक्षेला जाताना वाचतात तसं त्याने वाचलं. मग वाचता वाचता वाचतच राहिला.

"मला आधी तीच आवडली," तो म्हणाला. "बाबांवर लिहिणारी."

"ती नाहीच आहे."

"हो. आज कळलं."

"कोथिंबीर?"

"मला आवडते. तू नसतेस तेव्हा खातो."

"आणि ते गाणं?"

तो म्हणाला, की ते गाणं जरा रडकं आहे. आपण दोघं आता यावर हसू, अशी त्याला आशा असावी. ती हसली नाही.

"तुझं स्वतःचं असं एक काहीतरी सांग," ती म्हणाली. "जे तू माझ्याकडून उचललेलं नाहीस."

त्याने खूप विचार केला. बस आली, थांबली, निघून गेली.

"तू शेजारी असलीस की मला... काही करून दाखवावंसं वाटत नाही. नुसतं बसावंसं वाटतं."

मिनलानने डोळे पुसले. "हेसुद्धा मी लिहिलं होतं. कुणीतरी मला कधीतरी असं म्हणावं, म्हणून."

"हे मी वाचलं नव्हतं. शपथ."

ते खरंही असेल. त्याचा चेहरा खऱ्या माणसाचा असतो तसा झाला होता. पण आता ते तपासायचं कुठे? सात महिने तिने त्याच्या तोंडून स्वतःचीच वाक्यं ऐकली होती, आणि त्यांतलं एखादं त्याचं असलं तरी ते ओळखू येत नव्हतं.

"मी तुला आवडावं म्हणून खोटं वागलो," तो हळूच म्हणाला. "तू तर ज्यांना ओळखतही नव्हतीस त्यांना आवडावं म्हणून आईला पुसून टाकलंस."

पुढची बस आली तेव्हा तो चढला. डावीकडे बसला की उजवीकडे, हे तिने पाहिलं नाही.

वसंत ऋतूत त्याच्या खात्यावर चौथा फोटो आला. उंच डोंगरमाथा, शेजारी पाठीवर पिशवी लावलेली, उन्हाने रापलेली एक मुलगी. चार जिने चढले की धाप लागणारा वेइलुन तिच्यापेक्षाही जास्त आनंदात दिसत होता. मिनलान त्या मुलीच्या खात्यात शिरली. डोंगर, तंबू, पहाटेचं धुकं. ती तीन वर्षं मागे जाऊन पोचली, तेव्हा आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने त्या मुलीला लिहिलं, "तो सगळं वाचून येतो." बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. ती मुलगी आता त्याच सुखाच्या सात महिन्यांत होती. तिला कुणी असं लिहिलं असतं तर तिने काय केलं असतं? मिनलानने ओळ पुसली.

बसथांब्यावरून परत येऊन मिनलानने सगळं सांगितलं होतं, तरी आईने त्या रविवारचा विषय तोपर्यंत एकदाही काढला नव्हता. त्या दिवशी मात्र लेकीच्या हातात फोन बघून ती समोर येऊन बसली. ओले हात तिने मांडीवर पुसले.

"ते बापाचं काय लिहिलंयस, ते वाच."

"आई, नको ना..."

"गावाने वाचलं. मलाच तेवढं नको?"

मिनलानने वाचलं. सूप वाचलं, स्कूटर वाचली, फाटकाबाहेरचा पाऊस वाचला. आई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. मध्ये एकदा तिने सांगितलं, की त्या दिवशी पाऊस नव्हता, गारा होत्या. वाचून संपलं.

"भला माणूस आहे गं," आई म्हणाली. "असा मला भेटला असता, तर किती बरं झालं असतं."

आणि ती उठून सुके मासे भिजत घालायला आत गेली.