लाल रेषा उजवीकडे

धडक झाली आणि माझ्या हातातली पेटी निसटली.

जमिनीच्या पोटातून काढलेल्या खडकाच्या कांड्या शेडभर गडगडत गेल्या. "माफ करा हं!" म्हणत एक उंच, रापलेला माणूस गुडघे टेकून एकेक कांडी पेटीत ठेवू लागला. किती जपून... मी त्याच्या हातांकडेच बघत राहिले.

"मी ट्रुएट. ह्यूस्टनहून आलोय, तेलविहिरींचा दाब मोजायला."

"डेल्फिना. मी दगड वाचते." मी एक कांडी जिभेला लावली.

"आणि चाखतासुद्धा?"

"चिकणमाती जिभेला चिकटते."

"मीठ बरोबर आहे ना?"

मी हसले नाही. म्हणजे... थोडीशी हसले.

त्यानंतर मिडलंडच्या त्या धुळीत आम्ही रोज भांडलो. सांडलेली ती पेटी विहिरीतल्या सगळ्यात खालच्या कांड्यांची. तिच्यात चिकणमातीचा थर अगदी तळाला दिसत होता, म्हणून मी म्हणे, तेलाचा साठा एकच आणि तो तिथंच संपतो. तो म्हणे, साठे दोन आहेत, कारण वरचा दाब वेगळा, खालचा वेगळा. कंपनीला आमच्याकडून एकच नकाशा हवा होता. त्याचं खरं ठरलं, की तो काम संपवून ह्यूस्टनला जाणार. माझं ठरलं, तर पुन्हा मोजणी, म्हणजे तो इथंच. मग मी नक्की कशासाठी भांडत होते? माझं मलाच कळेना.

"हट्टी आहेस," बरिटोचा घास घेत तो म्हणाला. अहो-जाहो केव्हाच सुटलं होतं.

"दगड खोटं बोलत नाही."

"आणि तू?"

मी उगाच मिरचीचा ठसका लागल्याचं नाटक केलं.

नकाशा द्यायच्या आदल्या दुपारी मी ती पेटी शेवटची उघडली आणि माझी नजर कांड्यांवरच्या रेषांवर अडकली. कांड्या विहिरीतून निघाल्या, की त्यांवर लांबीभर दोन रेषा ओढतात, लाल आणि काळी. वरचं टोक वर धरलं, की लाल उजवीकडे यायलाच हवी. इथं ती डावीकडे होती. सगळी पेटी उलटी भरलेली! सुलटी केली, तर चिकणमाती वर गेली आणि तिच्याखाली तेलाचा वास मारणारा वाळूचा खडक आला. मधे चिकणमातीचा पडदा, वर-खाली तेल. साठे दोनच होते.

गप्प बसले असते, तर तो राहिला असता. पण मग रोज त्याच्या डोळ्यांत कशी बघणार होते? मी त्याला बोलावून पेटी दाखवली.

"तू जिंकलास. जा आता ह्यूस्टनला," मी पेटी त्याच्याकडे सरकवली.

जिंकलेला माणूस इतका कसनुसा का दिसावा?

"कांड्या मीच उलट्या ठेवल्या, धडकलो त्या दिवशी," तो पुटपुटला. "मला रेषांचं काय ठाऊक! पण तू समोरच होतीस ना? मग लक्ष कुठं होतं तुझं?"

खोटं सुचेना.

"तुझ्या हातांकडे."

तो कानापर्यंत लाल झाला.

"खालच्या साठ्याला अजून कुणी हात लावलेला नाही," तो हळूच म्हणाला. "तिथून तेल काढायला लागले, की दाब रोज मोजायला कुणीतरी इथं राहायला हवं. साहेबांना विचारू मी?"

"विचार," मी म्हटलं. "पण पेट्या मी भरणार."