नवरीच्या डोळ्यातली छत्री

नवा मॉनिटर कसा आहे एवढं विचारायला लोहाऱ्यावरून येरमाळ्यापर्यंत गाडी मारत आलास, तुझी पण कमालच आहे महांतेश. फोन करायचा की. पण बरं झालं आलास. बस. ते शटर अर्धं खाली ओढ, ऊन डोळ्यावर येतंय. चहा सांगितलाय.

तर ऐक. बत्तीस इंची आहे. खोका एवढा मोठा की चौकातले दोघं-तिघं टीव्ही आणला म्हणून बघायला आले. टेबलावर बसेना, मग वरची फळी करवतीनं कापली. माझा जुना सतरा इंची तुला माहितीय. त्याच्यावर मी अठरा वर्षं लोकांची लग्नं धुतली. त्याच्यावर सगळे गोरे दिसायचे, सगळे खूश दिसायचे. हा चालू केला आणि पहिल्याच मिनिटाला मला माझ्या कामाची लाज वाटली. कुठं रंग थापलाय, कुठं मान वाकडी बसवलीय, सगळं उघडं. फोटोग्राफरनं असला मॉनिटर घेऊच नये बघ. हसू नको, खरं सांगतोय.

येडाई देवीची चैत्राची यात्रा संपली होती. रस्त्यावर माणूस नव्हतं. रंग बरोबर दिसतात का बघावं म्हणून मी एक जुनं लग्न उघडलं, सोनारीचं. नवरीचा क्लोजअप. डोळ्यात फ्लॅशचा पांढरा ठिपका असतो ना, तो नीट आलाय का म्हणून डोळा मोठा केला. अजून मोठा केला. जुन्या मॉनिटरवर तिथं नुसता ठिपका दिसायचा. इथं ती छत्री दिसली. फ्लॅशची पांढरी छत्री, तिच्या काड्यासुद्धा. आणि छत्री धरून उभी तुझी वहिनी.

अंगठ्याच्या नखाएवढी असेल. पण हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, एका पायावर भार टाकून उभं राहायची सवय… मी हुंदका देऊन रडलो रे. सहा वर्षांनी बायको दिसली, ती दुसऱ्याच्या डोळ्यात.

तुला ठाऊक आहे, गडी परवडत नव्हता तेव्हा छत्री तीच धरायची. हजारो फोटो काढले मी, पण माझ्याकडं तिचा फोटो एकच. तो पण लाईट तपासायला काढलेला. नवरी यायच्या आधी नवरीच्या जागी हिला उभं केलं, बटण दाबलं आणि तिचे डोळे मिटले. "अहो, पुन्हा काढा की, डोळे मिटले माझे," म्हणाली. मी म्हणालो, "राहू दे, बॅटरी जाईल." एवढंच म्हणालो. पुढच्या महिन्यात तीन दिवसांच्या तापात ती गेली.

मग हाराचा फोटो करायला मीच बसलो. आपण काय करतो? लोक मिटल्या डोळ्यांचा फोटो आणतात, आपण दुसऱ्या कुणाचे तरी डोळे काढून बसवतो. घरच्यांना समाधान. दोन-तीनशे माणसांचे डोळे मी असे उघडलेत. तिचेही उघडले. सोनारीच्या त्याच नवरीचे डोळे घेतले, मापात बसले म्हणून. तेराव्याला तो फोटो मांडला. सगळे म्हणाले, आत्ता बोलेल अशी दिसतीय. फक्त सासूबाई, धुरपदामामी, पदराआडून म्हणाल्या, "जावईबापू, ह्ये डोळं माझ्या लेकीचं न्हाईत."

मला झोंबलं. चार माणसांत मी बोललो, "मामी, फोटोतलं तुम्हाला काय कळतंय?" त्या उठल्या, माकणीला गेल्या, त्या परत आल्याच न्हाईत. वर्षश्राद्धाला सुद्धा.

आणि खरी गोष्ट सांगू? सहा वर्षं रोज त्या फोटोला उदबत्ती लावून लावून मला तिचे खरे डोळे आठवेनासे झाले. डोळे मिटून आठवायला बसलो की ती सोनारीची पोरगी बघायची माझ्याकडं. बायकोचे डोळे विसरलेला माणूस आहे मी. हे मी कुणापाशी बोललो न्हाय.

म्हणून त्या दिवशी मी सगळी हार्ड डिस्क काढून बसलो. कुठंतरी, कुठल्यातरी नवरीच्या डोळ्यात ती समोर बघत असेल, म्हटलं. कळंबची लग्नं, परांड्याची, भूमची. प्रत्येक डोळ्यात ती होती. पण सगळीकडं मान वर, छत्रीकडं. डोळे कुठंच दिसेनात.

बघता बघता कधी पुढच्या फोल्डरात गेलो कळलं न्हाय. एका डोळ्यात छत्री स्टँडवर होती. म्हणजे ती गेल्यानंतरचं लग्न. स्टँड मी नंतर घेतलाय. त्या स्टँडच्या लई मागं, मांडवाच्या खांबापाशी, हिरवं लुगडं.

मी म्हटलं, असेल कुणी करवली. पुढचं लग्न उघडलं. तिथंही ती होती. खांबाच्या अलीकडं. छत्री न्हाय, काही न्हाय, एक हात पुढं केलेला. लाईट गेल्यावर आपण भिंत शोधत जातो ना, तसा. आणि डोळे… मिटलेले.

अंगावर काटा आला, पण थांबता येईना. एकेक वर्ष पुढं सरकत गेलो. ती प्रत्येक लग्नात थोडी जवळ. कधी उजवीकडं चुकलेली, कधी डावीकडं. हात तसाच. मला काय कळलं सांगू? तिला दिसत नव्हतं रे. मी तिच्या तोंडावर दुसरीचे डोळे लावून ठेवले होते, आणि ती बिचारी सहा वर्षं मांडवामांडवातनं चाचपडत मला शोधत होती.

शेवटचं लग्न फाल्गुनातलं. त्या नवरीच्या डोळ्यात मी कॅमेरा धरून वाकलेला. ती माझ्या पाठीशी. बोटं खांद्यापासून वीतभर लांब.

मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. भिंत, पडदा, खुर्ची. पण वास होता… गरम लॅमिनेशनचा आणि लसणाचा. ती दुपारी अडीचला डबा घेऊन यायची. मी कामात असलो की मागनं येऊन दोन्ही हातांनी माझे डोळे झाकायची. "ओळखा कोण?" दुकानात दोघंच आम्ही, ओळखायचं काय त्यात! तरी मी मुद्दाम गावातल्या बायकांची नावं घ्यायचो, चिमटा बसायचा. खरं नाव घेतलं की हात काढायची आणि म्हणायची, "बास आता, जेवा." लॅमिनेशनही तीच करायची, त्या हातांना तोच वास असायचा. लॅमिनेशनचं मशीन मी चार वर्षांपूर्वी विकलं.

मी तो हाराचा फोटो उघडला. या मॉनिटरवर त्या डोळ्यांच्या कडेनं माझी कात्री दिसली. मामींना पदराआडून जे दिसलं ते मला दिसायला बत्तीस इंच लागले. मी मूळचा फोटो काढला, मिटल्या डोळ्यांचा. कुठं हात लावला न्हाय, रंगसुद्धा केला न्हाय. दोन प्रती काढल्या. एक घरात लावली, एक घेऊन दुसऱ्या दिवशी माकणीला गेलो.

मामी ओट्यावर तूर निवडत होत्या. मला बघून पदर पुढं ओढला. जावयासमोर त्यांची तीच रीत. इतक्या वर्षांत मी त्यांचं तोंड धड बघितलेलं न्हाय.

"मामी, तुमचं खरं होतं. माझं चुकलं," म्हणालो आणि फोटो पुढं केला.

त्यांनी तो मांडीवर घेतला. मग फोटोतल्या पापण्यांवरनं बोट फिरवलं. "निजलीया जणू," म्हणाल्या. "आता माझी लेक वाटतीया."

"मामी… मला तिचे डोळे आठवत न्हाईत."

रागावतील वाटलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर मागं सारला. "माझं बघा की मग. माझ्यावरच गेली हुती ती."

महांतेश, तेच डोळे. करड्या कडेचे, डाव्या बाहुलीशेजारी तिळाएवढा तपकिरी ठिपका. मी ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. मामी पण रडल्या. मग म्हणाल्या, "काढा फोटू. पुना इसरलात तर?" मी ओट्याखाली उतरून काढला, अगदी जवळनं. दारापुढं आम्ही दोघंच. शेतात सुद्धा कुणी नव्हतं.

परत आलो, या मॉनिटरवर उघडला. आधी नुसते डोळेच बघत बसलो. आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं न्हाय. मग डावा डोळा मोठा केला. ठिपका जवळनं बघावा म्हणून, दुसरं काही न्हाय.

बाहुलीत मी होतो. ओट्याखाली, कॅमेरा छातीशी, तोंड मामींकडं. आणि मागनं दोन हात येऊन माझ्या डोळ्यांवर ठेवलेले. हिरव्या बांगड्या… मनगटापर्यंत दिसतात. बाकीची ती माझ्या आड झालीय.

सापडलो मी तिला.

तेव्हापासून रोज दुपारी अडीचला मला दिसायचं बंद होतं. बार्शीच्या डॉक्टरनं तपासलं, डोळे लख्ख आहेत म्हणाला. पहिल्या दिवशी अर्धा मिनिट. मग चार मिनिटं. काल पाऊण तास मी या खुर्चीत तसाच बसून होतो. नाव घेतलं की ती हात काढते, खेळच तसा आहे. आणि हात काढला की ती जाईल. म्हणून मी नाव घेत न्हाय. बघ, मघापासून एवढं सांगितलं, एकदा तरी तिचं नाव घेतलं का?

मॉनिटर चांगला आहे. घे तू. फक्त जुनी लग्नं…

महांतेश, लाईट गेली का रे?

न्हाय?

…बरं. तू जागचा हलू नको. आणि काही बोलू पण नको, तुला तिचं नाव माहितीय.